तोंडाला विचारा

करक, २ नोव्हेंबर

मुतलक,

फोन कोणी तुझ्या कानाशी धरला तरी तू बोलत नाहीस, असं संस्थेतल्या उम्म राकानने कळवलं. म्हणून हा कागद. तो तुझ्यासमोर धरून तीच बसली असणार. उम्म राकान, तुम्हाला सलाम. तुम्ही वाचू नका असं सांगण्यात अर्थ नाही, पण पान उलटण्याआधी त्याला विचारत चला. त्याची मान हलते, म्हणून ओळ हातची सुटते. त्याला पुन्हा शोधावी लागते.

खोली तशीच आहे. उम्म बशाराने दुसरा भाडेकरू घेतलेला नाही. विचारलं तर म्हणते, पोरगा भावाबरोबर गेलाय, राग उतरला की येईल. खिडकीतल्या पुदिन्याला मी पाणी घालतो. तुझी चावी माझ्याकडे आहे. निघताना तू फव्वाजला ती गळ्यातून काढायला लावलीस आणि त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. तेव्हापासून ती माझ्याच खिशात आहे.

तू आपणहून परत गेलास हे मला अजून पटत नाही. वाळवंटाच्या रस्त्यावरच्या त्या संस्थेत तुझी अठरा वर्षं गेली. बाहेर पडायला तू किती दारं ठोठावलीस ते मी ऐकलंय. पाच वर्षं स्वतःच्या खोलीत राहिलास आणि आता तिथेच जाऊन म्हणालास, मला आत घ्या. फव्वाजचा जीव भांड्यात पडला. गाडीत बसताना तो म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत." थोरला भाऊ तुझा. मी काय बोलणार?

त्या शुक्रवारबद्दल एवढंच लिहितो, की ती सवय होती. पाच वर्षं, दिवसातून वीसदा, मी तुझ्या ओठाला काहीतरी लावत आलो. पाणी, चहा, मसुराचं सूप. हात आपोआप गेला. हात चुकतात रे. तुला तर हे मी सांगायला नको.

असले विनोद तुला आवडायचे.

दिरार


करक, १९ नोव्हेंबर

मुतलक,

तुझं उत्तर नाही, पण उम्म राकानचा आवाजी निरोप आला. ती सगळं एका दमात सांगते. तू तिच्या हातून काही पीत नाहीस. पेला जवळ आला की दात आवळतोस. खाटेच्या दांड्याला बाटली बांधून नळी सोडलीय, तीही लहर आली तर ओढतोस. विजार कमरेवर ठरत नाही. तिने खोदून खोदून विचारल्यावर तू एकदाच बोललास, "माझं तोंडच माझं नाही. आणि निघालो होतो बायको मागायला."

मी भाजीबाजारात उभा राहून हे ऐकलं. मग कडेला जाऊन पुन्हा ऐकलं.

असं बोलू नकोस. तुझं तोंड तुझंच आहे, हे या गावाला आधी मी ओरडून सांगितलंय. आठवतंय? अपंगांच्या मंडळाच्या दालनात तुझा पहिला दिवस होता. कॉफीवाला म्हातारा किटली घेऊन गोल फिरत होता. सगळ्यांना दुसरा पेला, तिसरा पेला. तुझ्यापाशी आला, तुझा रिकामा पेला हातात थरथरत होता, आणि त्याने तो काढून घेतला. पेला हलवला म्हणजे पुरे. आपल्याकडची रीतच आहे, म्हाताऱ्याची चूक नव्हती. पण तुझा हात जन्मापासून थरथरतोय. मंडळाच्या बाईंनी वही उघडून तुला विचारलं, स्वतंत्र राहायला आलास, आता तुझं ध्येय काय? कोणी समुद्र सांगतं, कोणी मोबाईलचं दुकान. तू म्हणालास, "दुसरा पेला." वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कोणी तुला दुसऱ्यांदा कॉफी ओतलीच नव्हती.

तुझा मदतनीस म्हणून मी नवखा होतो, पण म्हाताऱ्याला मागे बोलावलं. म्हटलं, "काका, याचा हात बोलत नाही. तोंडाला विचारा." त्या दिवशी तू चार पेले प्यायलास आणि रात्रभर माझं डोकं खाल्लंस.

त्या शुक्रवारचा तुला फक्त शेवट आठवतो, म्हणून आधीचंही लिहितो. नौफाने मंडळाच्या शिवणवर्गात शिवलेला सदरा तू घातलास. बटणांच्या जागी चिकटपट्ट्या, तुझा तूच घातलास, पाऊण तास लागला आणि मला हात लावू दिला नाहीस. एरवी मागणं घालायला दहा म्हातारे जातात आणि त्यातला सगळ्यात पांढरा बोलतो. तू म्हणालास, "म्हातारे बोलले तर लग्न म्हाताऱ्यांचं. मीच बोलणार." फव्वाज नाखुशीने आला आणि भिंतीला टेकून बसला. नौफाच्या बापाने, अबू मिस्लिहने, स्वतःच्या हाताने कॉफी दिली. मी तुझा पेला तुझ्यापुढे सतरंजीवर ठेवला. मागणं घेऊन आलेल्याचा पेला मुलीचा बाप हो म्हणेपर्यंत खालीच राहतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्यायला की मागणं संपलं.

मग तू बोललास. तुला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. "अबू मिस्लिह, मी मुतलक. माझी खोली आहे, खोलीची चावी माझ्या गळ्यात आहे. मला तुमची नौफा हवी. आणि मी तिला चालतो, तिला विचारून आलोय." शेवटच्या वाक्याला दोघेतिघे हसले, पण चांगलं हसले. पडद्याआडून तिच्या कुबडीचा आवाज आला.

अबू मिस्लिह गप्प झाला. आणि त्या गप्प बसण्यात माझा हात गेला. पेल्याची कड तुझ्या ओठाला लागली, तू प्यायलास. नौफाच्या काकाने मांडीवर थाप मारली. "प्यायला! म्हणजे याचं काही मागणं नाही. पचो, पचो." झालं.

यात तुझ्या तोंडाचा काय गुन्हा?

दिरार


करक, ११ डिसेंबर

मुतलक,

उम्म राकान म्हणते, माझं दुसरं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंस, मग तोंड भिंतीकडे केलंस आणि म्हणालास, "कड लागली आणि उघडलं. जनावराचंही उघडत नाही असं." तुला नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात. नाकातून.

मग मला आणखी लिहायला हवं.

ती सवय नव्हती. सवय असती तर मी थांबलो असतो. आपली सवय थांबण्याची होती. तुझी मान हलते, हात हलतात, पण पापण्या तुझं ऐकतात. तू डोळे मिटलेस की पेला वर, उघडे असले की पेला खाली. पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं आपण. पाच वर्षांत मी एकदाही तुझे डोळे उघडे असताना पेला उचलला नव्हता. त्या दिवशी ते उघडे होते. तू अबू मिस्लिहकडे बघत होतास, पापणी न लवता.

आणि तुझं तोंड का उघडणार हेही मला ठाऊक होतं. अठरा वर्षं एका बाईने एका तासात चौदा जणांना भरवायचं, तिथे कड लागताच तोंड न उघडणारा उपाशी राहायचा. ती शिस्त तुझ्या हाडात मुरलीय. तू विचार करायच्या आधीच तोंड उघडतं. पहिल्या महिन्यात मी हे बघितलं आणि म्हणूनच डोळ्यांची खूण ठरवली. त्यामुळे तुझ्या तोंडाने दगा दिला नाही. मी त्याला फसवलं.

का, ते सांगतो. अबू मिस्लिह फार वेळ गप्प होता. काका दाढी कुरवाळत होता, फव्वाज घड्याळ बघत होता. मला वाटलं, नकार येतोय. पंधरा पुरुषांदेखत तुला 'नाही' ऐकावं लागणार. ते मला बघवेना. वाटलं, पेला रिकामा झाला तर सगळं हसण्यावारी जाईल आणि तू बिननकाराचा घरी येशील. मंडळात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, आधी विचार, मग हात लाव. माणसाची पडण्याची मुभासुद्धा त्याचीच असते. मी ती तुझ्याकडून काढून घेतली, पण तुझ्या मायेपोटी.

आता तरी पाणी पी. उम्म राकानने आधी विचारलं तर पी.

दिरार


करक, ६ जानेवारी

मुतलक,

ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी देतो. नौफाचं लग्न झालं. काकाने जमवलं. मफ्रकचा कोणी विधुर आहे, घरात तीन मुलं. शिवणयंत्र ती बरोबर घेऊन गेली.

जायच्या आधी ती मंडळात कात्री परत करायला आली होती. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "मुतलकला सांग, मी दोन महिने वाट बघितली. तो एकदा पुन्हा आला असता तर मी काकाशी भांडले असते. ज्याला स्वतःलाच नको झालंय, त्याच्यासाठी कशाच्या जोरावर भांडू?" मी म्हटलं, सांगतो. तेच हे सांगणं.

तिने मला आणखी एक विचारलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

तू नळी काढून फेकलीस हे कळलं. 'माझ्या नाकाला विचारा' असं डॉक्टरांना म्हणालास म्हणे. ऐकून मला हसू आलं.

दिरार


करक, १० फेब्रुवारी

उम्म राकान, हे पत्र मी मोठ्या अक्षरांत छापून आणलंय. चारही पानं त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीला टोचा आणि बाहेर जा. तासाभराने या. तुम्हाला शपथ आहे.

मुतलक,

डिसेंबरच्या पत्रात 'मायेपोटी' असं लिहिलं. पाठवलं त्या रात्रीपासून तो शब्द मला टोचतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं नौफाच्या एका प्रश्नाने झालं. ती म्हणाली, "तू त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी आला होतास ना, मुतलकसाठी प्यायची नळी मागायला? मी तुझ्याकडे बघत होते. तू ताटाकडे बघितलंस."

बघितलं होतं.

गाडीतून उतरल्यावर तुला आत बसवलं आणि मी नळी मागायला मागे गेलो. पडदा अर्धा सरकलेला होता. ओट्यावर कुनाफ्याच्या मिठाईचं मोठं ताट होतं, परातीएवढं, वर पिस्ते, कडेने दुकानाचा कागद अजून सोडवायचा होता. नकार द्यायचा असलेला बाप सकाळी उठून तीस माणसांचं गोड आणत नाही. अबू मिस्लिहचा होकार त्या ताटात तयार होता. मला तो तुझ्या आधी कळला. तो गप्प झाला तो नकारासाठी नव्हे. त्याचा कंठ दाटला होता. मी समोरच बसलो होतो, मला दिसत होतं.

आणि हे ठाऊक असताना मी पेला उचलला.

कारण सांगतो. ते इतकं क्षुद्र आहे, की चार महिने मला स्वतःशीही बोलवलं नाही. गाडीत तू म्हणालास, "दिरार, माझं आटपू दे. मग तुझं मागणं घेऊन मीच जाईन. माझं ऐकतात लोक." फव्वाज हसला, ड्रायव्हर हसला, मीही हसलो. तू थट्टा केलीस, थट्टेत मायाच होती. पण मी दोन दारांवरून परत आलेला माणूस आहे, हे तुला माहीत होतं. एकदा तफीलाला, एकदा इथेच. दोन्ही वेळा माझा पेला सतरंजीवर थंड झाला. माझे दोन्ही हात धड असताना. त्या दिवशी ताटाकडे बघताना हेच शब्द माझ्या मनात आले, माझे दोन्ही हात धड असताना. पाच वर्षं मी लोकांना सांगत फिरलो, की तो तुमच्या-आमच्यासारखाच आहे. पोटात मी तुला माझ्या खाली धरलं होतं. तू वर निघालास तेव्हा मला ते सोसलं नाही.

आणखी एक. नौफा आल्यावर तुझ्या सकाळी माझं काय काम उरणार होतं? किल्लीचा आवाज, तुझ्या शिव्या, पहिला चहा. मला दुसरी सकाळ नाही.

एवढ्यावरही निस्तरता आलं असतं. काका ओरडल्यावर अबू मिस्लिहने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तो थांबला होता. मी म्हणायचं होतं, "चूक माझी, याची नाही. पेला पुन्हा भरा." सात-आठ शब्द. त्याने भरला असता. मी खाली बघितलं. तू कुजबुजलास, "मला बाहेर ने," आणि मी तुला नेलं. तेवढं मात्र लगेच ऐकलं.

परवा अबू मिस्लिहकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. म्हातारा रागावलाही नाही. म्हणाला, "मुलगी तर गेली. आता हे माझ्यापाशी काय आणलंस? ज्याचं आहे त्याला दे." कॉफी विचारली नाही.

तर हे तुझं आहे. तू नापास झाला नाहीस. तू त्या घरातून होकार मिळवला होतास, तुझ्या तोंडाने, तुझ्या वाक्याने. चोरला मी.

दिरार


करक, २९ एप्रिल

मुतलक,

गुरुवारची प्रत्येक गोष्ट तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. तरी लिहितो. तुला लिहिलेल्या पाच पत्रांत चार खोटी, निदान शेवटचं धड असावं.

आधी कामाचं. मंडळ मी सोडलं. तू खोलीवर परततोयस, तर रविवारपासून तिथे नवा माणूस येईल, नाव उसैद, बोलतो फार. त्याच्यासाठी सूचनांचं पान लिहून द्या म्हणाले. औषधं, अंघोळ, खुर्चीचं डावं चाक अडकतं ते, सगळं लिहिलं. पेल्याबद्दल लिहिलं, की डोळे मिटण्याची वाट बघायची. नाही मिटले तर पेला थंड होऊ द्यायचा, पण उचलायचा नाही.

आता गुरुवारचं. दोन महिने तू काही कळवलं नाहीस आणि मग उम्म राकानचा निरोप आला, "चावी घेऊन ये म्हणतो." मी थर्मासमध्ये कॉफी घेऊन आलो. वाटलं, बोलावलंस म्हणजे थोडं तरी माफ केलंस. बसमध्ये मी काय काय ठरवत होतो ते आता सांगत नाही.

तू अर्धा झालास. गालाची हाडं वर आलीत. माझी चार पानं अजून भिंतीवर आहेत, कोपरे मुडपलेले. फव्वाज आला की त्याला वाचायला लावतोस असं उम्म राकानने सांगितलं. पहिल्या खेपेला त्याने वाचलं आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला म्हणे.

मी पेला भरला आणि तुझ्या डोळ्यांकडे बघत बसलो. तू डोळे मिटले नाहीस. म्हणालास, "हातात दे." मी उम्म राकानकडे बघितलं. "तिच्याकडे काय बघतोस? माझ्या हातात दे." दोन्ही तळव्यांत पेला धरून तू तो वर नेलास. निम्मी कॉफी सदऱ्यावर गेली, नौफाने शिवलेल्या त्याच सदऱ्यावर. पेल्याची कड दातावर वाजत होती. उरलेली तू प्यायलास. पेला सोडला नाहीस. तो तुझ्या हातात रिकामा थरथरत राहिला.

उम्म राकानने थर्मास उचलला आणि मला विचारलं, "आणखी ओतू का त्याला?"

पाच वर्षांत हजारदा म्हटलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं. "हात बोलत नाही, तोंडाला विचारा."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "आज हातच बोलतोय."

उम्म राकानला कळलं नाही, ती थर्मास धरून उभीच राहिली. मला कळलं: पेला हलतोय, म्हणजे पुरे. मी खिशातून चावी काढली आणि तुझ्या गळ्यात घालायला पुढे झालो. तू मान मागे घेतलीस.

"तिच्याकडे दे."

मी तिच्याकडे दिली. तिने दोरीला गाठ मारली आणि आधी तुला विचारलं, घालू का? तू डोळे मिटलेस. तिने चावी गळ्यात घातली. मी थर्मास तिथेच ठेवून निघालो.

उम्म बशाराकडून दार उघडून घेऊन पुदिन्याची कुंडी दाराच्या आत, डाव्या हाताला ठेवली आहे. उसैदला सांग, पाणी रोज नको.

दिरार